नाझरबाईंचं बालकमंदिर

नाझरबाईंनी चौदा वर्षं लहान मुलांची शाळा चालवली आणि त्या चौदा वर्षांत एकाही मुलाला कधी कडेवर घेतलं नाही. रडणारं मूल येऊन पायाला बिलगलं तर त्या खाली बसायच्या, त्याच्या डोळ्यांसमोर डोळे आणून "काय झालं ते सांग" म्हणायच्या आणि ते सांगेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत; पण उचलायच्या नाहीत. गावातल्या बायका म्हणायच्या, स्वतःच्या पोटी मूल नाही, माया कुठून येणार? पहिले सहा महिने मीही तसंच समजत होते. एकदा न राहवून विचारलं, तेव्हा पट लिहिता लिहिता मान वर न करता त्या म्हणाल्या, "कडेवर एक बसतं, कुसुम. बाकीची साठ खालून बघत राह्यतात."

त्यांचं खरं नाव जानकी. निजामी अमलात तालीम म्हणजे शिक्षण खात्याचे तपासनीस असत, त्यांना आमच्याकडे नाझर म्हणत. नाझर येणार म्हटलं की मास्तर लोकांना घाम फुटायचा. बाई गल्लीतून निघाल्या की ओट्यावरच्या आया पोरांची नाकं पुसायला लागत, नखं लपवायला सांगत. त्यावरून कुणीतरी नाझरबाई म्हटलं आणि तेच कायम झालं. बाईंच्या कानावर ते होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. लोकांनी आपल्याला काय म्हणावं हा विषय त्यांच्या कामात बसत नव्हता.

त्या अंबडच्या. वडील वकील. तेव्हा कोर्टाचं सगळं उर्दूत चाले, म्हणून घरात उर्दूचा राबता. बाईंचं उर्दू अक्षर वडिलांपेक्षा वळणदार होतं. लग्न झालं, पण वर्षभरात नवऱ्याने माहेरी आणून सोडलं. कारण विचारायला गेलेल्या वडिलांना व्याह्यांनी "मुलगी फार बोलते" एवढंच सांगितलं. मग थोरल्या भावाने त्यांना पुण्याला पाठवून बालशिक्षणाचं शिक्षण दिलं. ते घेऊन त्या जालन्याला आल्या, त्या वेळी तीन वर्षांच्या मुलाला शाळा असते हे इथे कुणाला ठाऊकच नव्हतं. नव्या जालन्यातल्या एका कापूसवाल्या शेटजींनी स्टेशनच्या रस्त्यावरचं सरकीचं जुनं गोदाम दिलं, चार-पाच प्रतिष्ठितांची कमिटी झाली, आणि बालकमंदिर उभं राहिलं. गाव त्याला पोरांचा कोंडवाडा म्हणायचं.

परवानगीचा घोर मोठा होता. खासगी शाळा काढायची तर खात्याचा हुकूम लागायचा आणि मराठी शाळेला तो मिळता मिळत नसे. बाईंनी अर्ज लिहिला तो असा, की ही शाळा नाहीच. इथे काहीही शिकवलं जात नाही, फक्त मुलं ठेवली जातात. कमिटीतले लोक चिडले. आपण शाळा काढून राह्यलो आणि ही बाई लिहिते काही शिकवत नाही! बाई म्हणाल्या, "खोटं काय आहे त्यात? शिकवत नाहीच मी. ती शिकतात." खरेखुरे नाझर तपासणीला आले तेव्हा मी नव्हते, पण ते दृश्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पाहिल्यासारखं वाटतं. पांढऱ्या दाढीचे वयस्कर गृहस्थ. साठ मुलं रांगेने हात धुतायत, पुसतायत, आपापल्या पाटावर जाऊन मणी ओवतायत, आणि आवाज नाही. ते अर्धा तास उभेच राहिले. मग म्हणाले, "बाई, मदरसा नहीं है तो फिर ये क्या है? हमारे दफ्तर में भी इतनी खामोशी नहीं रहती." आणि शेरा लिहून गेले की इथे शाळा चालत असल्याचं आढळलं नाही.

मी या गोदामात शिरले ती एकोणिसाव्या वर्षी. माझे यजमान शेटजींच्याच पेढीवर कारकून होते. लग्नाला तीन वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, घरात सासूबाईंचं तोंड वाकडं; शेटजींनीच सुचवलं, सूनबाईंची मराठी चौथी झालेली आहे, जाऊ द्या बाईंच्या हाताखाली. पहिल्या शनिवारी मुलं घरी गेल्यावर बाईंनी पदर खोचला आणि गुडघ्यांवर उतरून रांगत गोदामभर फिरायला लागल्या. मला वाटलं काहीतरी हरवलंय. "काय शोधताय, बाई?" म्हटलं तर म्हणाल्या, "काही नाही. ये, तूही ये खाली." मग आम्ही दोघी रांगलो. उभं राहून कधी दिसला नसता असा एक खिळा खिडकीच्या चौकटीला बाहेर आलेला होता, बरोबर चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर. पाण्याच्या मडक्याची तिवई खालून पाहिली की डुगडुगताना दिसत होती. "उभं राहून शाळा चालवणारे खूप आहेत," बाई खिळा उपटत म्हणाल्या, "त्यांना फक्त कमिटी दिसते."

कमिटी आणि बाई यांचं कधी जमलं नाही, आणि त्यात सगळा दोष कमिटीचा होता असं मी म्हणणार नाही. बाई फार कठोर होत्या. कमिटीतल्या एका वकिलांची बायको मुलाच्या वाढदिवसाला घरचे लाडू घेऊन हौसेने आली. बाईंनी दारातच विचारलं, "साठ आहेत का?" चाळीस होते. "मंग परत न्या. वीस पोरांनी काय पाप केलं?" ती बिचारी रडत घरी गेली. दुपारी मूल न्यायला उशीर झालेल्या आईशी त्या बोलत नसत, नुसतं घड्याळाकडे पाहत. आणि ते पाहणं बोलण्यापेक्षा वाईट असे. मुलांवर देखरेख करणाऱ्या आम्हा तिघी ताईंना त्यांनी सहा वर्षांत शाबासकी म्हणून दिली नाही. काम बरोबर झालं की त्या काहीच बोलत नसत, आणि आम्ही ते न बोलणंच शाबासकी समजायला शिकलो होतो. अशा माणसाच्या बाजूने वेळेला कुणी उभं राहत नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. किंवा कळलेलं असेल.

त्यांचा जीव होता तो पटावर. आमचा पट म्हणजे नुसती हजेरी नव्हती. मूल रोज सकाळी दारात यायचं, दारावर ज्या ताईची पाळी असेल तिच्यासमोर उभं राहून "आ" करायचं. ती घसा, डोळे, कातडी बघायची आणि नावासमोर लिहायची: निर्मळ, किंवा जे दिसलं असेल ते. घसा जरा लाल दिसला की मूल त्याच पावली घरी. पाऊस असो, बाप पोलीस अमीन म्हणजे फौजदार असो, घरी कुणी नसो. "दारावर माया कामाची नाही," बाई बजावायच्या, "दारावर डोळे लागतात." त्या पटाची जालन्यात इतकी ख्याती होती की डॉक्टरसुद्धा कधी कधी माणूस पाठवून विचारत, अमक्या मुलाला ताप कुठल्या दिवसापासून?

जिनची मुलं आली ती बाईंच्या हट्टाने. बालकमंदिरापासून हाकेच्या अंतरावर जिनिंगचा कारखाना होता. हंगामात सकाळी सातला भोंगा व्हायचा आणि बायकांचा लोंढा आत शिरायचा, काखेत तान्ही, बोटाला चालती. एकदा काही कामाने बाई तिथे गेल्या, मी बरोबर होते. यंत्रांचा असा गडगडाट की शेजारचं माणूस काय म्हणतंय ते कळेना, हवेत कापसाचा धुरळा, आणि रुईच्या ढिगाशेजारी पाच-सहा मुलं गाढ झोपलेली. बाई एकीजवळ वाकल्या. दोन वर्षांची असेल. नाकाच्या कडांना कापूस चिकटलेला.

"ही झोपली कशी एवढ्या आवाजात?" बाईंनी तिच्या आईला ओरडून विचारलं.

आईचं नाव गयाबाई. ती हसली. "गोळी दिल्ती सकाळी. अफूची. बाजरीएवढी. दिस मावळंस्तोर उठत न्हाई बघा."

"रोज?"

"मंग काय करावं, बाई? यंत्रात हात घातला तर?"

आठवडाभरात बाईंनी कमिटीपुढे कागद ठेवला: जिनमधली तीन वर्षांच्या आसपासची चौदा मुलं बालकमंदिरात घ्यायची. कमिटीतल्या वकिलांनी विचारलं, त्यांना वेगळं बसवणार ना? बाई म्हणाल्या, "पाट सगळे एका लांबीचे आहेत. वेगळे बनवायला सुतार नाही माझ्याकडे." शेटजी हसले आणि हो म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. त्यांची नात शशी तेव्हा नुकतीच आमच्याकडे यायला लागली होती आणि ती घरी जाऊन स्वतःची ताटली स्वतः धुते याचं त्यांना फार कौतुक होतं.

आमची शाळा दहाची. बाई जिनच्या मुलांसाठी सकाळी साडेसहाला दार उघडायला लागल्या. आम्हाला कधी या म्हणाल्या नाहीत, स्वतः उघडायच्या. पहिले पंधरा दिवस भयंकर गेले. अफू सुटलेली मुलं ओरडत, थरथरत, ओकत. गयाबाईची मुलगी रुखमी तर दिवसा जागं कसं राहायचं हेच विसरलेली होती. उजेडात डोळे उघडले की घाबरायची. बाईंनी डॉक्टरांना विचारून एक-एक कण कमी केला, रोजचा पटावर लिहिला. तिसऱ्या महिन्यात रुखमी मडक्यातलं पाणी पेल्यात ओतताना सगळं अंगावर सांडलं म्हणून खदखदून हसली. आम्ही तिघी ताया काम टाकून बघायला धावलो. बाईंनी पटावर लिहिलं: रुखमी हसली. दुसरं काही नाही. संध्याकाळी गयाबाई तिला न्यायला आली तेव्हा बाईंनी तिला तो पट दाखवला. गयाबाईला वाचता येत नव्हतं. बाईंनी बोट ठेवून दोन शब्द वाचून दाखवले, आणि गयाबाई पटावरच्या त्या जागेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली.

त्याला वर्ष झालं असेल. सोमवार होता आणि दारावर माझी पाळी होती. शेटजींचा टांगा थांबला, टांगेवाल्याने शशीला उतरवलं. तिने "आ" केला. घसा लाल होता. नुसता लाल नाही, कडेला पांढुरकं काहीतरी होतं. गळाही जरा सुजलेला वाटला. मी म्हटलं, "हिला परत न्या."

"ताई, घरी पाव्हणे आल्येत," टांगेवाला म्हणाला. "मालकीणबाईंनी मुद्दाम धाडलंय. परत नेली तर गुस्सा होतील. घ्या ना आत, मला जल्दी स्टेशनला जायचंय."

मला यजमानांची पेढी दिसली, सासूबाई दिसल्या. शेटजींची नात दारातून परत पाठवली, हे संध्याकाळपर्यंत घराघरांत पोचलं असतं. बाई आतल्या बाजूला होत्या. मी शशीला आत घेतली आणि पटावर लिहिलं: निर्मळ.

घटसर्प होता. बुधवारपर्यंत आणखी चार मुलं पडली, त्यातली दोन जिनची. ती चारही पुढे बरी झाली. शशी शनिवारी गेली. सगळा बाजार बंद होता. बाईंनी बुधवारीच दाराला कुलूप लावून एकवीस दिवसांची सूचना डकवली होती; शनिवारी त्यांनी मला बोलावलं. पट उघडा होता.

"सोमवारी दारावर तू होतीस."

"हो."

"शशीचा घसा पाहिलास?"

"पाहिला."

"कसा होता?"

त्यांनी वाट पाहिली, जशी त्या मुलांसमोर पाहायच्या. शेवटी मी म्हटलं, "लाल होता. पांढरंही होतं थोडं."

त्यांनी पट मिटला. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "आत्ता नको. आत्ता चार घरी जाऊन यायचंय, कुणाकुणाच्या घरी तान्ही आहेत ते बघायचंय. ऊठ." आम्ही गेलो. त्या विषयावर त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

तेराव्यानंतर शेटजींच्या दिवाणखान्यात कमिटी बसली. आम्हा तायांनाही बोलावलं होतं. शेटजींची दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला त्यांच्याकडे बघवेना. वकिलांनी सुरुवात केली, की हा रोग जिनच्या घाणीतून आला, बाईंनी ती पोरं आत घेतली, आपल्या मुलांशेजारी बसवली, एका मडक्यातलं पाणी पाजलं. आता तरी डोळे उघडा. बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रोग जिनमधून आला नाही. शशी सोमवारी आली तेव्हाच तिचा घसा बिघडलेला होता. जिनची मुलं बुधवारी आजारी पडली. दारावरच्या तपासणीत चूक झाली. ती जबाबदारी माझी आहे. मला शिक्षा करा, त्या मुलांना काढू नका."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

वकिलांनी पट मागवला. पान काढलं. मोठ्याने वाचलं: "सोमवार. शशी. निर्मळ." ज्या पटाला अख्ख्या जालन्यात कुणी कधी खोटं म्हटलं नव्हतं, तोच आता बाईंना खोटं पाडत होता. शेटजी उठले. "बाई, माझ्या मेलेल्या पोरीवर ढकलून राह्यल्या तुम्ही?"

वकील माझ्याकडे वळले. "कुसुमताई, दारावर तुम्ही होतात. खरं सांगा. मुलीचा घसा कसा होता?"

माझे यजमान दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं. मी म्हटलं, "निर्मळ होता."

बाईंनी मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. मूल काय करतं ते लांबून बघताना त्या बघायच्या, तसं बघितलं, आणि खाली बसल्या.

बालकमंदिर माझ्याकडे सोपवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी किल्ल्या दिल्या. मला वाटलं होतं त्या थुंकतील, शिव्या देतील, निदान तोंड फिरवतील. त्यांनी मला दोन तास काम समजावून सांगितलं. कोणतं मूल दूध पीत नाही, कुणाचा बाप दारू पिऊन न्यायला येतो आणि त्याच्या हाती मूल द्यायचं नाही, मागच्या दाराची कोणती बिजागरी ढिली झाली आहे. मी मान हलवत होते आणि मनातून म्हणत होते, आता थांबा, आता पुरे. शेवटी त्या म्हणाल्या, "जिनची मुलं काढायला सांगतील. काढू नको."

"नाही काढणार," मी म्हटलं.

एकवीस दिवस संपले त्या संध्याकाळी कमिटीचा हुकूम आला आणि मी जिनच्या चौदाही मुलांची नावं पटावरून कमी केली. एकेका नावावर रेघ. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं, रेघाही सरळ आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर येऊन दार उघडलं तर गयाबाई रुखमीला घेऊन उभी. रुखमीने मला बघून आपण होऊन "आ" केला. घसा स्वच्छ होता.

"न्हाई घेता येणार, गयाबाई," मी म्हटलं. "कमिटीचा हुकूम आहे."

"आवं ताई, वरीस झालं, रोज हितंच सोडून राह्यले मी हिला. दार बंद व्हतं तवर सासूपाशी ठेवली, ती गेली गावाला. आता कुठं नेऊ? भोंगा झालाय."

"मी काही करू शकत नाही."

"मोठ्या बाई कुठं हायेत?"

"त्या गेल्या अंबडला."

तिने रुखमीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग तुम्ही तर हायेत ना?" ती म्हणाली. मी दार लावून घेतलं. दाराच्या फटीतून रुखमीचे पाय बराच वेळ दिसत होते.

चौथ्या दिवशी कळलं. गयाबाईने पूर्वीसारखीच गोळी दिली होती, पूर्वीच्याच मापाची. पण वर्षभरात रुखमीच्या अंगातून अफू पार सुटलेली होती, ती तिला सोसली नाही. दिस मावळला तरी ती उठली नाही. बाजार उघडाच होता त्या दिवशी. जिनही चालूच होतं. डॉक्टरांनी मला रस्त्यात गाठून विचारलं, "तुमच्या पटावरची ना ती मुलगी?" मी म्हटलं, "नाही." तेवढं मात्र खरं होतं.

पुढची पाच वर्षं मी बालकमंदिर उत्तम चालवलं, असं सगळे म्हणतात. घरी जाणाऱ्या आयांशी दोन गोड शब्द बोलायची, वाढदिवसाचे लाडू घ्यायची, किती आहेत ते न मोजता. शनिवारचं रांगणं बंद केलं, तायांना ते कमीपणाचं वाटत होतं. माझी लोकप्रियता वाढत गेली. त्यातच रझाकारांची धामधूम झाली, पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली. नवे अधिकारी आले आणि त्यांनी आमच्या शाळेला शाळा म्हणून मान्यता दिली. समारंभ झाला, मला हार घातला. भाषणात एक जण म्हणाले की परक्या अमलात या माउलीने मराठी बालशिक्षणाचं रोपटं लावलं. मी हात जोडले. समोर बसलेल्यांपैकी किमान वीस जणांना खरं काय ते ठाऊक होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या हाराने मला झोप लागू दिली नाही. आठ दिवसांनी मी भोकरदनच्या गाडीत बसले. बाईंचे थोरले भाऊ वारल्यावर त्या केदारखेड्याला चुलतभावाकडे राहायला गेल्याचं ऐकलं होतं. गावात विचारलं तर "त्या आत्याबाई? वाकडं बोलत्यात त्या?" म्हणून एकाने घर दाखवलं. बाई पडवीत तूर निवडत होत्या. खूप वाळल्या होत्या. भावजयीने आतून "कोण आलंय?" विचारलं, त्यावर बाई म्हणाल्या, "जालन्याची आहे. चहा टाकता का थोडा?" त्या आवाजात अजिजी होती. बाईंना कुणापुढे अशा बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी सगळं बोलून टाकलं. घसा, टांगेवाला, पट, दिवाणखाना. त्यांचे हात तुरीतून चालूच राहिले. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "हे मला माहीत आहे, कुसुम. मी तिथे होते."

"मला माफ करा, बाई."

"पटावर किती आहेत आता?"

"एकशे दहा."

"त्यात जिनची?"

त्यांनी हात थांबवले आणि वाट पाहिली.

"एकही नाही," मी म्हटलं.

"मंग माफी कशाची मागून राह्यली?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "खोटं बोललीस ते एका दिवसाचं होतं. घाबरली होतीस, ते समजू शकते मी. पण त्यानंतर पाच वर्षं किल्ल्या तुझ्या हातात आहेत. रोज सकाळी दार तू उघडतीस. हे रोज करून राह्यलीस तू."

चहा आला. मी तो कसा प्याले आठवत नाही. उठताना त्यांनी विचारलं, "गयाबाई जिनातच आहे ना?"

"असेल."

"असेल?" त्या पहिल्यांदा जोराने बोलल्या. "हाकेवर राहते ती तुझ्या. तिला सोडून माझ्याकडे कामून आलीस? माझं काय गेलं? नोकरी गेली. तिच्याकडे जा आणि तिला सांग घसा कसा होता ते." आणि सूप पुढे ओढून त्यांनी तूर पाखडायला घेतली.

पुढच्या हंगामाच्या आधी बाई वारल्याचं पोस्टकार्ड आलं. मी कमिटीत जिनच्या मुलांचा विषय एकदा काढला. पुढे बघू, असं ठरलं. मी पुन्हा काढला नाही. गयाबाई त्यानंतर नऊ वर्षं त्याच जिनात होती. सकाळी भोंगा व्हायच्या आधी बायकांचा घोळका आमच्या कुंपणाशेजारून जायचा. आमचं फाटक आलं की ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून घ्यायची आणि फाटक मागे पडलं की पुन्हा सारखा करायची. मी शाळेच्या कितीतरी आधी येऊन ऑफिसच्या खिडकीत उभी असायची. तिथून फाटक फार तर वीस पावलं होतं. मी गेले नाही.